गोव्यात ऑफिसला जायला सायक्लोक्रॉस सायकल घेताय? आधी हे बघा

मी चोडणला राहते आणि नोकरी पणजीत पाटोवर. घरापासून फेरीधक्का साधारण ४ किमी, मग फेरीतून मांडवी ओलांडायची आणि पलीकडे रायबंदरहून पाटोपर्यंत उरलेला रस्ता, म्हणजे एका बाजूने ९-१० किमी. पाच वर्षं हे सायकलवर करतेय, त्यातली चार सायक्लोक्रॉसवर. फेरीत रोज कोणी ना कोणी विचारतंच, ही वाकड्या हँडलची पण जाड टायरची सायकल कसली, मला घ्यायची असेल तर काय बघू, आणि नदी ओलांडेपर्यंत सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. गियरची सायकल आयुष्यात कधी घेतली नाही असं धरून लिहितेय, त्यामुळे ज्यांना माहीत आहे त्यांनी थोडं पुढे सरकावं.

आधी ही सायकल कशासाठी बनली ते कळलं पाहिजे, कारण तिचे सगळे गुण आणि सगळे त्रास तिथूनच येतात. सायक्लोक्रॉस ही युरोपातली हिवाळ्यातली शर्यत. फ्रान्समध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली, जागतिक अजिंक्यपद १९५० मध्ये पॅरिसला सुरू झालं, आणि आज या खेळाचं खरं वेड बेल्जियममध्ये आहे. शर्यत तासाभराचीच असते पण ती चिखलातून, गवतातून, वाळूतून जाते, मध्ये आडव्या फळ्या असतात, तिथे उतरून सायकल खांद्यावर टाकून पळायचं आणि परत चढायचं. म्हणून सायकल दिसायला रोड बाइकसारखी, पण टायर रुंद, टायर आणि फ्रेमच्या मध्ये चिखल अडकू नये इतकी मोकळी जागा, आणि आदळआपट सोसणारी फ्रेम. आता जून ते सप्टेंबरमधला आपला कुठलाही गावरस्ता आठवा. वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, लाल चिऱ्याची माती वाहून डांबरावर आलेली, खड्डा किती खोल ते वरच्या पाण्यामुळे कळत नाही. रोड बाइकचे २५ मिमीचे टायर तिथे हाडं खिळखिळी करतात, आणि एमटीबी म्हणजे माउंटन बाइक नेली तर सपाट बांधावर समोरच्या वाऱ्यात जीव जातो. या दोघींच्या मधली सायकल म्हणून मला सायक्लोक्रॉस पटली.

पण ती शर्यतीची पोर आहे हे विसरायचं नाही, आणि घेताना फसायला होतं ते याच कारणामुळे.

पहिलं काम: दुकानात नको, आधी रस्त्यावर जा

कोणाकडून तरी कसलीही सायकल मागून आणा आणि घर ते ऑफिस निदान तीनदा करा, त्यातलं एकदा पावसात. मोबाइलमध्ये नोंद ठेवा: चढ कुठे, किती लांब, कच्चा रस्ता किती, पाणी कुठे साचतं, ऑफिसात सायकल कुठे ठेवणार, कपडे कुठे बदलणार. हे फार महत्त्वाचं आहे कारण गोवा एवढासा असला तरी प्रत्येकाचा रस्ता वेगळा. माझा जवळजवळ सपाट. रायबंदर ते पाटो हा जुना बांध पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला, ३ किमीच्या वर लांब, एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खाजनं म्हणजे बांध घालून केलेली खाडीकाठची शेतं, चढ नावाला नाही पण वारा असा येतो की जुलैत कधी कधी ताशी १२-१३ किमीच्या वर वेगच जात नाही. याउलट म्हापशाहून पणजीला येणाऱ्याला पर्वरीचा उतार आणि घरी जाताना तोच चढ. ओल्ड गोव्याहून कदंब पठारावरून येणाऱ्याला चढ आणि भरधाव गाड्या दोन्ही. आणि पर्वरीकडच्यांनी एक लक्षात ठेवा, मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, जुन्या मांडवी पुलावरूनच यायचं, तिथल्या जोडांच्या आडव्या फटी अरुंद टायरला वाईट.

चढ जास्त असेल तर गियर ठरतात, पाणी जास्त असेल तर ब्रेक आणि मडगार्ड ठरतात, सामान जास्त असेल तर फ्रेम ठरते. रस्ता माहीत नसताना सायकल बघायला गेलात तर दुकानातला माणूस त्याच्याकडे जी आहे तीच तुम्हाला बरोबर कशी हे सांगणार, आणि त्यात त्याचा दोष नाही, तुम्हीच काही सांगितलेलं नसतं.

दुसरं काम: सायकल उलटीपालटी करून भोकं मोजा

हसू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. शर्यतीच्या सायक्लोक्रॉसला मडगार्ड आणि कॅरिअर लावायला आटे असलेली भोकं बहुतेक नसतात, कारण शर्यतीत त्यांचा उपयोग नाही. कधी पाण्याच्या बाटलीचीही एकच जोडी असते, खांद्यावर घेताना बाटली आड येते म्हणून. मी पहिली सायक्लोक्रॉस सेकंडहँड घेतली तेव्हा रंग बघितला, वजन उचलून बघितलं, गियर बदलून बघितले, आणि हे एक बघितलं नाही. विकणाऱ्याला मी स्पष्ट विचारलं होतं की कॅरिअर बसेल ना, तो म्हणाला आरामात बसेल. घरी आणल्यावर कळलं की मागच्या चाकाशी एकही भोक नाही. अख्खा पावसाळा पाठीवर सॅक घेऊन काढला, पाठ भिजलेली, मागच्या चाकाने उडवलेली लाल माती कमरेपासून मानेपर्यंत, आणि डब्यातलं कालवण दोनदा फाइलींवर. शेवटी ती सायकल मी विकली, आणि घेणाऱ्याला भोकं नाहीत हे आधी सांगून विकली.

म्हणून बघायचं ते असं. मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलजवळ दोन्ही बाजूंना भोकं हवीत, शक्यतो दोन-दोन, एक मडगार्डला एक कॅरिअरला. सीटखाली जिथे दोन नळ्या मागे जातात तिथे दोन्ही बाजूंना. पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, खाली दोन्ही बाजूंना, आणि फोर्कच्या डोक्याला मागून एक. पुढची नसतील तर क्लिपचं मडगार्ड लावून भागेल, मागची नसतील तर ती सायकल ऑफिससाठी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, आवळून लावायचं कॅरिअर मिळतं पण त्यावर साधारण १० किलोच्या आत, आणि खड्ड्यात ते हळूहळू फिरतं. कार्बनच्या सीटपोस्टला तर ते लावूच नका. आपल्याकडे पदेर म्हणजे पाववाला सकाळी एवढी पावाची टोपली मागे बांधून गावभर फिरतो ना, त्याची साधी लोखंडी सायकल या बाबतीत लाखाच्या सायकलपेक्षा बरी.

अजून एक, पॅनिअर म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकवायच्या बॅगा लावणार असाल तर पाय किती मागे जातो बघा. सायक्लोक्रॉसची मागची नळी आखूड असते, बऱ्याचदा ४२५-४३० मिमी, त्यामुळे टाच बॅगेला लागते. दुकानात बॅग लावून एकदा पेडल मारून बघा, किंवा बॅग थोडी मागे सरकवता येईल असं कॅरिअर घ्या.

टायर

सायक्लोक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत टायर ३३ मिमीपेक्षा रुंद चालत नाही, तो नियम आहे, म्हणून या सायकलींवर बहुतेक ३२-३३ चे दातेरी टायर लावलेले येतात. तो नियम तुम्हाला लागू नाही. तुम्ही बघायचं की फ्रेममध्ये कमाल केवढा टायर बसतो, आणि मडगार्ड लावल्यावर केवढा. माझा हिशोब असा, मडगार्डसकट ३५ बसलाच पाहिजे, ३८ बसला तर उत्तम. टायरच्या दोन्ही बाजूंना फ्रेमपर्यंत करंगळीचं टोक जाईल एवढी जागा असू दे, नाहीतर लाल मातीचा गोळा अडकून चाक घासायला लागतं.

सायकलबरोबर आलेले दातेरी टायर काढून ठेवा. डांबरावर ते घूंघूं आवाज करतात, जड चालतात, लवकर झिजतात, आणि ओल्या डांबरावर दात जास्त म्हणजे पकड जास्त असं मुळीच नाही, पकड रबराची असते. मधे गुळगुळीत आणि कडेला बारीक दात असलेले ३५ चे टायर, आत पंक्चर अडवणारा पट्टा असलेले, हे आपल्या रस्त्यांना बरोबर. हवा कमी ठेवायला शिका. माझं वजन बॅगेसकट ६०-६२ किलो धरा, मी पुढे ४० आणि मागे ४५ पीएसआय (हवेचा दाब) ठेवते, तुम्ही ८० किलोचे असाल तर अजून ८-१० वाढवा. दगडासारखं टायर फुगवून मग रस्ता खराब म्हणून ओरडणारे खूप बघितले.

ट्यूबलेसबद्दल सगळे विचारतात. चांगलं आहे, पण आतलं द्रव आपल्या उकाड्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं, परत भरावं लागतं. पहिल्या वर्षी साधी ट्यूब वापरा, पंक्चर काढायला स्वतः शिका. आणि वॉल्व्ह! या सायकलींना बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असतो, पेट्रोल पंपाची किंवा पंक्चरवाल्याची हवेची नळी त्याला बसत नाही. पितळेचा छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो, अगदी स्वस्त, तो घ्या आणि एक कायम वॉल्व्हवरच लावून ठेवा, दुसरा पर्समध्ये.

ब्रेक: इथे तडजोड नको

जुन्या सायक्लोक्रॉसना कँटिलिव्हर ब्रेक असायचे, रिमला रबर घासणारे, चिखल अडकत नाही म्हणून. २०१० मध्ये या शर्यतींत डिस्कला परवानगी मिळाली आणि आता नव्या सगळ्या डिस्कच्याच. सेकंडहँड बाजारात कँटिलिव्हरवाली स्वस्तात मिळेल, मोह होईल, पण आपल्या पावसात रिम ओला असताना ब्रेक दाबल्यावर पहिला क्षणभर काहीच होत नाही, आणि पर्वरीच्या उतारावर समोर बस थांबलेली असताना तो क्षण फार मोठा असतो. शिवाय लाल मातीतले बारीक कण रबराबरोबर रिमही खातात. डिस्कच घ्या.

डिस्कमध्ये दोन प्रकार, केबलवाली आणि तेलाची. तेलाची हलक्या बोटाने लागते, छान असते, पण बिघडली की तेल बदलून हवा काढणारा मेकॅनिक जवळ हवा, तो पणजी-मडगावला मिळेल, गावात मिळेलच असं नाही. केबलवाली कोणीही रस्त्यात आवळू शकतो. मी केबलवाली वापरते, दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारी, आणि मला ती पुरते. पॅड दोन जातीचे, रेझिनचे आणि मेटलचे. पावसाळ्यात रेझिनचे भराभर झिजतात, मेटलचे आवाज करतात पण टिकतात, म्हणून मी मे अखेरीस मेटलचे लावते. रोटर म्हणजे डिस्कची चकती मेटल पॅडला चालते का ते मात्र आधी विचारा, स्वस्त रोटरवर कधी फक्त रेझिन असं कोरलेलं असतं.

काही सायक्लोक्रॉसना हँडलच्या वरच्या सपाट भागावरही ब्रेकचे छोटे लिव्हर असतात. ट्रॅफिकमध्ये सरळ बसून दोन्ही हात वर ठेवून चालवता येतं, वाकड्या हँडलची भीती वाटणाऱ्यांना ते फार बरं. मिळालं तर जरूर घ्या, केबलच्या ब्रेकला नंतरही बसवता येतं.

साइज, विशेषतः कमी उंचीच्यांसाठी

माझी उंची ५ फूट २ इंच. दुकानात माझ्यासारखीला ५२ साइजच्या फ्रेमची सायकल गळ्यात मारायचा प्रयत्न झालाय, सीट खाली करून देतो मॅडम म्हणून. सीट खाली केली की पाय पोचतात पण हात पोचत नाहीत, पाठ आणि मान जाते. मला ४८ लागते. कंपनीचा तक्ता बघा, प्रत्येकीची मोजणी वेगळी असते, ५२ लिहिलंय म्हणजे सगळीकडे सारखंच असं नाही. सायकलची वरची नळी दोन पायांमध्ये घेऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहा, नळीच्या वर निदान एक इंच मोकळं राहायला हवं. सायक्लोक्रॉसमध्ये पेडलचा मधला भाग रोड बाइकपेक्षा थोडा उंच असतो, अडथळ्यांना पेडल लागू नये म्हणून, त्यामुळे सीटही जमिनीपासून उंच वाटते, सिग्नलला पाय टेकताना पहिले काही दिवस दचकायला होतं, मग सवय होते. सीटवरून पुढे उतरून थांबायचं, सीटवर बसून नाही.

लहान साइजमध्ये अजून एक गोष्ट होते जी कोणी सांगत नाही. हँडल वळवलं की पुढचं चाक बुटाच्या टोकाला लागतं. वेगात काही नाही, हँडल तेवढं वळतच नाही, पण फेरीच्या रांगेत, पार्किंगमध्ये, हळू वळताना लागतं आणि माणूस आडवा होतो. मडगार्ड लावल्यावर हे अजून वाढतं. म्हणून ट्रायलला ऑफिसचेच बूट घालून जा, पेडल आडवे ठेवून हँडल पूर्ण वळवून बघा. थोडं लागत असेल तर चालेल, माहीत असलं की सांभाळता येतं. पण क्लिपवाले पेडल नकोत, साधे रुंद पेडल, पाय झटकन काढता यायला हवा.

गियर आणि फ्रेमबद्दल थोडक्यात. शर्यतीच्या सायक्लोक्रॉसला पुढे पेडलपाशी ४६ आणि ३६ दातांच्या दोन चेनरिंग (दातेरी चकत्या) नाहीतर एकच ४२ किंवा ४० ची असते. माझ्या सपाट रस्त्याला पुढे एकच ४२ आणि मागे ११ ते ३२ दातांच्या चकत्या पुरतात, एक शिफ्टर (गियर बदलायचा खटका) कमी, एक केबल कमी, बिघाड कमी. रोज पर्वरी किंवा आल्तिनो चढायचं असेल तर मागे निदान ३६ दात हवेत, नाहीतर पुढे दोन चेनरिंग. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची घ्या. स्टील मला स्वतःला आवडतं, पण खारा वारा आतून खातो, आत मेणाचा किंवा तेलाचा लेप मारणार असाल तरच. कार्बन ऑफिसच्या पार्किंगसाठी नको, स्कूटर कोणी कशी टेकवेल सांगता येत नाही.

मग ग्रॅव्हल बाइक का नाही?

बरोबर प्रश्न आहे. ग्रॅव्हल म्हणजे खडीच्या, कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल, ही जवळची बहीण, टायर ४०-४५ बसतो, भोकं भरपूर, पेडलचा मध्य खाली, चाकांमधलं अंतर जास्त, त्यामुळे स्थिर. आपल्याकडे नवीन सायकल दुकानात बघायला गेलात तर अस्सल सायक्लोक्रॉस क्वचित दिसेल, ग्रॅव्हलच दाखवतील, आणि पहिल्यांदाच घेणाऱ्याने तीच नवी घेतली तर मी अजिबात चुकीचं म्हणणार नाही. सायक्लोक्रॉस मला आवडते कारण ती वळायला चपळ आहे, गर्दीत आणि फेरीच्या धक्क्यावर ती हातात खेळते, उचलायला हलकी, ऑफिसच्या जिन्याने वर नेते मी खांद्यावर टाकून. हे तुम्हाला लागत नसेल आणि लांब हायवे असेल, समजा मडगावहून वेर्ण्याला, तर ग्रॅव्हल घ्या.

सेकंडहँड बघताना

चेनला पट्टी लावा. एका पिनच्या मध्यापासून मोजलेल्या २४ पिना बरोबर १२ इंचांत बसल्या पाहिजेत, म्हणजे २४ वी मोजल्यावर पुढचीचा मध्य १२ वर. १/१६ इंच, म्हणजे पाव सेंटिमीटरहूनही कमी, पुढे गेली तरी चेन बदला, १/८ इंच गेली तर कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) गेली समजा आणि तेवढे पैसे कमी करायला सांगा. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढेमागे हलवा, हँडलखाली टकटक जाणवली तर बेअरिंग सैल किंवा गेलेलं. क्रँक म्हणजे पेडलचा दांडा धरून आडवा हलवा, तो हलता कामा नये. आणि गोव्यातली सायकल असेल तर सीटपोस्ट तिथल्या तिथे वर-खाली करून दाखवायला सांगा. खाऱ्या हवेत तो फ्रेममध्ये असा चिकटतो की परत निघत नाही, आणि मग तुमची उंची वेगळी असेल तर ती सायकल तुम्हाला निरुपयोगी. वेल्डच्या जवळ रंगाला बारीक रेघ दिसली तर ओला कपडा फिरवून नखाने चाचपा, नख अडकलं तर निघून या.

घेतल्यावर

सगळे पैसे सायकलमध्ये घालू नका, पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. त्यात पूर्ण लांबीचे मडगार्ड, ३५ च्या टायरला साधारण ४५ रुंदीचे, कॅरिअर, एक वॉटरप्रूफ पॅनिअर, पुढे-मागे लाइट, घंटी, हेल्मेट, यू-लॉक. चाकं क्विक रिलीजची, म्हणजे पान्याशिवाय हाताने निघणारी असतील तर यू-लॉक मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घाला, पुढच्याला तारेची दोरी. मडगार्डच्या शेवटी रबराची झडप जोडा, मागून स्कूटरवर येणाऱ्याच्या तोंडावर चिखल उडत नाही.

फेरीवर चढताना आणि उतरताना सायकलवरून उतराच. धक्क्याला भरती-ओहोटीच्या रेषेत शेवाळ असतं, रॅम्पची लोखंडी पट्टी ओली असली की कुठलाच टायर धरत नाही. मी कडेला उभी राहते, गाड्या आधी जाऊ देते, दोन मिनिटं जातात फक्त.

आणि खारं पाणी. बांधावरून जोराचा वारा असला की सायकलवर मिठाचा थर येतो, दिसत नाही पण असतो. रोज घरी आल्यावर चेन जुन्या कपड्याने कोरडी पुसायची, पावसाळ्यात ओल्यासाठीचं जाड तेल दर दोन-तीन दिवसांनी, प्रत्येक कडीवर एक थेंब, वरचं पुसून टाकायचं, आणि तेल रोटरवर उडू द्यायचं नाही. आठवड्यातून एकदा बादलीभर गोड्या पाण्याने धुवा, जोराचा पाइप बेअरिंगवर मारू नका. महिन्यातून एकदा सीटपोस्ट काढा, आधी उंचीच्या खुणेला टेप लावा, सायकल उलटी करून आतलं पाणी सांडू द्या, सीटपोस्टला ग्रीस लावून परत बसवा, कार्बनचा असेल तर ग्रीस नाही, त्याची वेगळी पेस्ट येते. मी हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करते, अर्धा तास लागतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दर वेळी अर्धी वाटी तरी पाणी निघतं.